आत्याचा अबोला

आमच्या घरात देव एकच होता, पण त्याच्याशी नाती दोन होती. बाबांचा तो साहेब होता आणि आत्याचा मैतर. या दोन नात्यांच्या मधोमध मी वाढले, आणि बरीच मोठी होईपर्यंत मला वाटायचं की सगळ्याच ख्रिस्ती घरांत असंच असतं, एका खोलीत एक नातं आणि दुसऱ्या खोलीत दुसरं. आमच्या घराला खोल्याही दोनच होत्या. रत्नागिरीत, मिरकरवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला ते जांभ्या दगडाचं घर होतं. पुढे ओटा, मागे विहीर, आणि वारा खालून आला की सुकत घातलेल्या मासळीचा वास थेट उशीपर्यंत. परगावचे पाहुणे त्या वासानं नाक मुरडायचे. मला मात्र आजही, इतक्या वर्षांनी, तो वास आला की भूक लागते. त्याला माझा इलाज नाही.

बाबा कलेक्टर कचेरीत पट्टेवाले होते. खाकी कोट, त्यावर तिरपा लाल पट्टा आणि पट्ट्यावर पितळी बिल्ला. तो बिल्ला ते रोज सकाळी चिंचेनं घासायचे, आणि तो चकाकायला लागला की जगात सगळं ठीक आहे असा त्यांचा चेहरा व्हायचा. साहेबाच्या दाराशी उभं राहायचं, आतलं बाहेर आणि बाहेरचं आत पोचवायचं, हे त्यांचं काम. या कामातलं सगळं कसब त्यांच्या मते एकाच गोष्टीत होतं. बाहेरचा माणूस कितीही तापून काहीही बोलो, साहेबाच्या कानावर जाताना त्याची विनंती झाली पाहिजे. बाहेर कोणी शेतकरी म्हणायचा, “या साहेबाला एकदा माझ्या चिखलात आणून उभा करा.” बाबा आत जाऊन सांगायचे, “हुजूर, अर्जदार आपल्या पायधुळीची इच्छा धरून आहे.” असे किस्से ते रात्री जेवताना सांगायचे आणि स्वतःच खूश व्हायचे. सकाळची प्रार्थनाही ते याच रीतीनं करायचे. अनवाणी, कोटाची सगळी बटणं लावून, मान खाली घालून उभं राहायचं. “स्वामी, हा आपला दास हजर आहे,” अशी सुरुवात. शेवटी आमेन म्हटल्यावर देवाकडे पाठ न करता तीन पावलं मागे यायचं. एकदा त्या तिसऱ्या पावलाला भरलेली कळशी होती. कळशी लवंडली, बाबा बसले, आणि तशा अवस्थेतही त्यांनी पाठ फिरवली नाही.

आई मी लहान असतानाच गेली होती, त्यामुळे घर आत्या चालवायची. रिबका तिचं नाव. बाबांपेक्षा ती सहा वर्षांनी मोठी, लवकर विधवा झालेली, आणि मिशनची बायबल-बाई. म्हणजे गावातल्या घराघरांत जाऊन बायकांना लिहायवाचायला शिकवायचं, प्रभूच्या गोष्टी सांगायच्या, आजारी माणसाच्या उशाशी बसायचं. पांढरं नऊवारी, काळी छत्री आणि खांद्याला कापडी पिशवी, अशी ती निघाली की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा तिच्या मागून चालायची, कारण पिशवीत पवित्र शास्त्राच्या शेजारी भाकरीचे तुकडे असायचे. आत्याच्या प्रार्थनेला वेळकाळ नव्हता. ती दिवसभर देवाशी बोलायची, आणि ते बोलणं मोठ्यानं असायचं. “बघ आता, मीठ जास्त पडलं. तू गप्प कशाला बसलास तेव्हा?” शेजारच्या काकू एकदा चमचाभर विरजण मागायला आल्या आणि दारातूनच परत गेल्या. आत कोणी पुरुषमाणूस आहे असं त्यांना वाटलं.

रविवारी दुपारी, ओल्या नारळाच्या वाटणातलं बांगड्याचं कालवण आणि भात पोटात गेला की भावाबहिणीची जुंपायची. बाबा म्हणायचे, “आक्का, आपण दास. शास्त्रातला प्रेषितसुद्धा आपल्या पत्रात पहिल्यांदा स्वतःला दास म्हणवतो, मग पुढचं लिहितो.” आत्या बोटं चाटत म्हणायची, “आणि शेवटच्या जेवणाला बसला तेव्हा प्रभू काय म्हणाला? आजपासून तुम्ही दास नाय, मित्र. तो एवढा उठून पायाशी बसला, पाय धुतलेन्, आणि तू मेल्या अजून दारातच उभा!” मग बाबा चिडून आंबट ताक प्यायचे. मी कोणाच्या बाजूची होते असं मला नातू विचारतो. मी कालवणाच्या बाजूची होते.

आता अमिनाबीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. अमिनाबी मिरकरवाड्यात राहायची, सुके बोंबील आणि सोडे विकायची. तिचा एकुलता एक मुलगा खलाशी होऊन जहाजावर गेला होता. त्याचं पत्र आलं की ती ते घेऊन नाक्यावरच्या दुकानदाराकडे जायची, आणि तो ते गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं, मध्येमध्ये हसत वाचायचा. आत्या पहिल्यांदा तिच्या दारात गेली तेव्हा अमिनाबीनं स्वच्छ सांगितलं, “तुझा देव तुझ्यापाशी ठेव गो बाई. मला अक्षरं दे.” आत्या म्हणाली, “दोन्ही एकाच पिशवीत आहेत. तुला हवं ते काढून घे.” अमिनाबीनं अक्षरं काढून घेतली. तिला दोन वर्षं लागली. शनिवारी मीही आत्याबरोबर जायची, आणि पन्नाशीला आलेली ती बाई पाटीवर ‘क’ काढताना जीभ बाहेर काढायची ते बघून मला हसू आवरायचं नाही. पण ज्या दिवशी तिनं मुलाचं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाचलं, त्या दिवशी सगळी दुपार गेली आणि आम्ही तिघी रडलो. वाचून झाल्यावर तिनं पत्र घडी करून चोळीत ठेवलं आणि आम्हाला टोपलीभर कोळंबी दिली.

त्याच वर्षी तिच्या डोळ्यांवर पडदा यायला लागला. वैद्याचं औषध झालं, गुलाबपाणी झालं, आत्याची प्रार्थना तर श्रावणापासून रोज चालली होती. दिवाळी सरता सरता अमिनाबीला आपलं नावसुद्धा दिसेना. मुलाचं नवं पत्र आलं होतं, ते हातात धरून ती म्हणाली, “अक्षरांच्या सगळ्या मुंग्या झाल्यात, एकीच्या अंगावर एक चढल्यात गो.” आत्यानं वाचून दाखवू का विचारलं, तर तिनं पत्र मागे घेतलं. त्या संध्याकाळी आत्या घरी आली, पिशवी खुंटीला अडकवली, पाय धुतले, चुलीशी बसली आणि भाकरी थापत म्हणाली, “आजपासून माझा नि त्याचा अबोला.”

बाबांनी विचारलं, “कोणाशी? दुकानदाराशी?”

आत्यानं हनुवटीनं वर आढ्याकडे खूण केली.

आमच्याकडे अबोला म्हणजे काय ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. माणूस निघून जात नाही, भांडत नाही, कामं सगळी होतात, फक्त त्या एका माणसाशी बोलायचं नाही. आणि सांगायचं असेल ते तिसऱ्याच्या तोंडून. आत्यानं हा रिवाज अगदी काटेकोर पाळला. रोज जेवणाआधी आशीर्वाद तीच मागायची. त्या रात्री ताटं वाढून ती मला म्हणाली, “सांग गो त्याला, जेवण वाढलंय. आशीर्वाद द्यायचा तर देऊ दे.” मी डोळे मिटून म्हटलं, “प्रभू येशू, आत्या म्हणते जेवण वाढलंय.” दुसऱ्या दिवशी, “सांग त्याला, अमिनाचं अजून तसंच आहे, कोणी विचारलं तर.” मला या कामाची भलतीच ऐट वाटायला लागली. चौदा वर्षांची मी, एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला खुद्द देव, आणि मध्ये मी! मी निरोपांत आपलंही थोडं घुसडायला लागले, गणिताच्या परीक्षेविषयी वगैरे.

बाबांना मात्र हा पोरखेळ सोसेना. “आक्का, दास रुसतो का कधी?” ते म्हणाले. आत्या म्हणाली, “दास कसा रुसेल? दासाला हाकलतील. मैतरच रुसतात.” मग त्यांनी दुसरी बाजू धरली. “बरं, मग दिवसभर घरोघर जाऊन त्याच्याबद्दल बोलतेस ती कशी?” आत्या त्यांच्याकडे कीव येऊन बघत म्हणाली, “त्याच्याबद्दल बोलत्ये. त्याच्याशी नाय. नवऱ्याशी अबोला धरलेली बाई शेजारणीकडे दुसरं काय बोलते?” बाबांनी ताकाचं भांडं ओढलं, तर ताकही संपलं होतं.

इथवर सगळं गमतीचं होतं. मग पाळकसाहेबांकडे, म्हणजे आमच्या पाद्र्यांकडे, चिठ्ठी आली की मिससाहेब येतायत. मिससाहेब म्हणजे मिशनची गोरी बाई, त्या घाटावर राहायच्या आणि वर्षातून एकदा सगळ्या बायबल-बायांचं काम बघायला फिरायच्या. त्या साली मिशनचा हात आखडलेला होता. खाडीपलीकडच्या एका गावातल्या बाईचं काम त्यांनी बंद केल्याचं आमच्या कानावर आलं होतं. आणि मिससाहेबांची पद्धत ठरलेली होती, रविवारच्या उपासनेत मोठी प्रार्थना बायबल-बाईनंच करायची. प्रार्थना न करणारी बायबल-बाई म्हणजे शिट्टी न वाजवणारा गार्ड, तिला कोण ठेवणार? आत्याचं काम गेलं असतं तर आम्ही उपाशी नसतो मेलो, बाबांचा पगार होता. पण ती चाळीस घरं, ती पाटी, ती पिशवी हाच आत्याचा जीव होता. ते सगळं गेल्यावर ती घरात नुसती बसलेली मला डोळ्यांसमोर आणताच येईना, आणि पहिल्यांदाच मला निरोप्याच्या कामाची भीती वाटली.

मिससाहेबांची मोटार वाटेत पाली गावात बिघडली आणि तिथून त्या बैलगाडीनं, छत्री उघडी धरून, शनिवारी संध्याकाळी रत्नागिरीत पोचल्या. त्या रात्री बाबा आत्याच्या अगदी हातापाया पडले. “चार वाक्यं म्हण, आक्का. मनात असो नसो. आम्ही नाही का, साहेबाचा राग आला तरी मुजरा करतोच?” आत्यानं तांदळातला खडा काढून टाकला. मग म्हणाली, “तो तुझा साहेब असता तर केला असता रे मुजरा. मैतराशी सोंग नाय जमत.” आणि निवडलेले तांदूळ तिनं परत न निवडलेल्यांत ओतले. तिलाही भीती वाटत होती, हे मला तेव्हा कळलं.

आमच्या देवळात, म्हणजे तुम्ही ज्याला चर्च म्हणता त्यात, बायका डावीकडे आणि पुरुष उजवीकडे सतरंजीवर बसायचे. त्या दिवशी पुढे एक खुर्ची होती, तिच्यावर मिससाहेब. पेटी आणि तबल्यावर गीत झालं आणि मिससाहेब आपल्या स्वच्छ, इस्त्री केलेल्या मराठीत म्हणाल्या, “आता रिबकाबाई आपणां सर्वांसाठी प्रार्थना करतील.” आत्या उठली. पदर सारखा केला. म्हणाली, “माझ्यानं होणार नाय, मिससाहेब. आमचा अबोला आहे.”

“अबोला? कोणाशी?”

“ज्याच्याशी बोलायला सांगताय त्याच्याशीच.”

तबलजीचा हात तबल्यावर पडला आणि एक बारीकसा ठेका वाजला. पाळकसाहेब चष्मा पुसायला लागले. आत्या खाली बसली, आणि मी तिचा हात धरला. तेवढ्यात पुरुषांच्या बाजूनं कोणी उठल्याचा आवाज झाला. बघते तर बाबा! कोटाची सगळी बटणं लावलेली, मान खाली. ते बहिणीतर्फे माफी मागणार असं मला वाटलं. पण बाबा म्हणाले, “स्वामी, हा आपला दास हजर आहे. माझ्या बहिणीचा निरोप घेऊन आलो आहे.”

त्या क्षणी मला बाबांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा त्या बिल्ल्याकडे बघून कधी वाटला नव्हता. दास म्हणवून घेणारा हा माणूस दोघा मैतरांच्या मध्ये निरोप न्यायला भर सभेत उभा राहिला होता. फक्त एकच घोटाळा झाला. निरोप त्यांनी कचेरीच्या रीतीनं दिला.

“अर्जदार रिबका हिची नम्र विनंती आहे,” बाबा म्हणाले, “की मिरकरवाड्यात राहणारी अमिनाबी नावाची बाई, तिची दृष्टी अलीकडे किंचित मंद झाली आहे...”

“किंचित?” माझ्या शेजारून आवाज आला.

“...तरी हुजुरांनी मर्जी असल्यास, आपल्या सवडीनं, या बाबीकडे कृपादृष्टी करावी. तूर्त घाई नाही.”

“घाई नाय?” आत्या ताडकन उभी राहिली. “दाव्या, गप बस तू!” दावीदराव पट्टेवाल्यांना सबंध मंडळीसमोर दाव्या म्हटलेलं मी तेवढंच ऐकलं. आणि मग आत्या वर बघून बोलायला लागली. “त्याचं काय ऐकू नकोस. किंचित-बिंचित काय नाय, दोन्ही डोळे गेलेत तिचे. दोन वर्षं अक्षरं घासली तिनं त्या पाटीवर, तू बघत होतास ना? पोराचं पत्र छातीशी धरून बसत्ये, मला वाचू देत नाय, कारण तिला स्वतःला वाचायचंय. श्रावणापासून तुला सांगत्ये मी. रोज सांगत्ये. नाय द्यायचं तर नाय म्हण, पण असा गप्प का बसतोस? तुझ्याशी नाय बोलायचं तर मी कोणाशी बोलू? मला दुसरं आहे कोण?” आत्यानं नाक पुसलं, आणि एकदम तिच्या लक्षात आलं. पदर तोंडाशी नेत ती म्हणाली, “अगो बाई, बोलले की मी!”

कोण पहिलं हसलं ते सांगता येणार नाही. बायका पदर डोळ्यांना लावून हसत होत्या, आणि पाळकसाहेबांनी पुसलेला चष्मा परत पुसायला घेतला. पुढच्या आयुष्यात मी पुष्कळ अबोले बघितले, स्वतः दोन-चार धरले, आणि बहुतेक असेच सुटले. मधला माणूस आपलं म्हणणं इतकं वाईट सांगतो की शेवटी आपल्यालाच तोंड उघडावं लागतं.

उपासनेनंतर मिससाहेबांनी आत्याला बाजूला बोलावलं. मी आत्याचा पदर धरून होते म्हणून मला ऐकू आलं. “रिबकाबाई, आपला अबोला किती दिवस चालला?” आत्या खालच्या मानेनं म्हणाली, “वीस.” मिससाहेबांनी छत्रीचा बंद सोडला. “माझा एकदा दोन वर्षे चालला होता,” त्या म्हणाल्या. “मी रोज प्रार्थना म्हणत असे. त्यामुळे कोणाला कळले नाही.” मग त्यांनी छत्री उघडली आणि अमिनाबीचं घर कुठं आहे ते विचारलं. आत्याचं काम राहिलं. अमिनाबीला मिससाहेबांची चिठ्ठी घेऊन आत्यानं घाटावरच्या दवाखान्यात नेलं, आणि तिच्या एका डोळ्याला दिसायला लागलं, दुसऱ्याला नाही. आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, “अर्धंच ऐकलंन्.” अमिनाबी म्हणाली, “राहू दे गो. पत्राला एक पुरतो.”

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी देवळातून घरी आल्यावर आत्या मागच्या दारी तारल्यांची मासळी साफ करायला बसली आणि तिचं तोंड जे सुरू झालं ते थांबेना. वीस दिवसांचं साठलेलं होतं. लाकडं ओली मिळाली, शेजारच्या काकूंना सून मिळाली, माझ्या गणिताचं काय झालं, सगळं ती त्याला सांगत होती, आणि मासे हातातून निसटू नयेत म्हणून मी राख देत शेजारी बसले होते. बाबा कोट काढून स्वयंपाकघराच्या दारात आले.

“आक्का,” ते म्हणाले, “रागावला नाय ना तो?”

“कशाला रागावेल? वीस दिवस वाट बघत होता बापडा, मी तोंड कधी उघडत्ये म्हणून.”

बाबा दारातून हलले नाहीत. एवढ्या लोकांचं म्हणणं आत पोचवलेला माणूस, पण त्यांना शब्द सापडेना. शेवटी अगदी हळू म्हणाले, “आक्का, माझीपण वाट बघत असेल का गो?”

आत्याचा विळीवरचा हात थांबला. तिनं भावाकडे बघितलं, त्याच्या पांढऱ्या झालेल्या कल्ल्यांकडे बघितलं. मग हात धुतले, अर्ध्या साफ केलेल्या तारल्यांवर टोपली पालथी घातली आणि मला म्हणाली, “चल गो, पाणी भरायचंय.”

पाणी सकाळीच भरून झालं होतं. तरी आम्ही विहिरीवर गेलो. कळश्या भरल्या, अळूला ओतल्या, परत भरल्या, परत ओतल्या. आतून बाबांचा आवाज येत होता, अडखळत, मध्येच थांबत. तो कचेरीतला आवाज नव्हता, मी तो कधी ऐकला नव्हता. काय बोलत होते ते मला कळलं नाही आणि मी नंतर कधी विचारलंही नाही. त्या दिवशी आम्ही जेवायला बसलो तेव्हा चार वाजून गेले होते.